‘एवढे बोलून मी थांबतो’ म्हटल्यावर खरोखर थांबावे कसे

काही वर्षांपूर्वी ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात मी सूत्रसंचालन करीत होतो. वक्ते अभ्यासू होते, विषय शहराच्या पाणीपुरवठ्याचा होता, आणि पहिली पस्तीस मिनिटे पंख्यांच्या घरघरीखेरीज सभागृहात आवाज नव्हता. मग ते म्हणाले, ‘आता शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो.’ श्रोत्यांनी पिशव्या सावरल्या, पुढच्या रांगेतल्या दोघांनी चष्मे डबीत ठेवले. शेवटचा मुद्दा संपला. त्यातून एक आठवण निघाली, आठवणीतून उपमुद्दा निघाला, आणि पुढच्या वीस मिनिटांत ‘जाता जाता एवढेच सांगेन’ हे वाक्य आम्ही तीनदा ऐकले. सभागृह साडेआठला रिकामे करून द्यायचे असल्यामुळे तिथला कर्मचारी मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालू लागला आणि त्या खडखडाटातच भाषण संपले. खाली रिक्षाच्या रांगेत लोक पाण्याविषयी बोलत नव्हते, खुर्च्यांविषयी बोलत होते.

दोष त्यांच्या अभ्यासाचा नव्हता. सुरुवात आणि मधला भाग त्यांनी तयार करून आणला होता, आणि शेवट ओघात येईल असे गृहीत धरले होते. गेली बरीच वर्षे ठाणे आणि नवी मुंबईतली वाचनालये, गृहनिर्माण संस्था आणि कार्यालये यांतल्या कार्यक्रमांत माईकच्या बाजूला उभे राहून मी जे पाहिले, त्यावरून सांगतो की शेवट ओघात कधीच येत नाही. तो आधी ठरवून ठेवावा लागतो आणि मग बोलताना तिथवर पोहोचावे लागते. सभेतल्या भाषणाला हे लागू आहे, तसेच दारात उभ्या असलेल्या पाहुण्याशी होणाऱ्या बोलण्यालाही.

शेवटाला एवढे वजन का येते, याचा एक पुरावा थंड पाण्यातून मिळाला आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान, ज्यांना पुढे 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी सहकाऱ्यांसह 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, आणि त्यावर आणखी 30 सेकंद, ज्यात पाणी हळूहळू जेमतेम 15 अंशांपर्यंत आणले जाई. तिसऱ्यांदा यांपैकी कोणते सोसाल, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा प्रकार निवडला. त्यात त्रास एकूण अधिक होता, तरी तो जरा सुसह्य होत संपला होता आणि आठवणीत तोच शेवट उरला होता. आपल्या श्रोत्यांचेही असेच होते. पस्तीस चांगल्या मिनिटांची बेरीज कुणी करीत बसत नाही.

हे आपल्याकडच्या जुन्या कलावंतांना प्रयोगाविना ठाऊक होते. मैफलीचा शेवट भैरवीने करायचा हे ठरलेले, त्यामुळे गवयाने भैरवीचा सूर लावला की आता हे अखेरचे, हे श्रोत्याला सांगावे लागत नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आख्यान संपता संपता पुन्हा त्या मूळ अभंगावर येतात. तासाभरापूर्वी ऐकलेली ओळ परत कानावर पडते तेव्हा तिच्यात मधली सगळी कथा भरलेली असते. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेले पसायदान अवघ्या नऊ ओव्यांचे आहे, आणि त्यात नवे तत्त्वज्ञान मांडलेले नाही, मागणे मागितलेले आहे. सांगण्याची जागा मागणे घेते, आवाजाची दिशा बदलते, आणि ऐकणाऱ्याला कळते की विवेचन पूर्ण झाले. भाषणाची अखेर लिहिताना मला या दोन युक्त्या सर्वांत जास्त उपयोगी पडल्या आहेत: एक, सुरुवातीच्या चित्राकडे परतणे, आणि दोन, सांगणे थांबवून काहीतरी मागणे किंवा सोपवणे.

आता कृतीकडे येतो. भाषण तयार करायला बसलात की कागदाच्या तळाशी शेवटची दोन वाक्ये आधी लिहावीत. ‘या सभागृहातून बाहेर पडताना लोकांच्या तोंडी कोणते वाक्य असावे?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ती दोन वाक्ये. ती सुचत नसतील तर बहुधा आपल्याला काय म्हणायचे आहे तेच ठरलेले नाही, आणि मग उत्तम दाखले गोळा करूनही उपयोग नाही. उरलेल्या भाषणाचे मुद्दे टिपणावर असले तरी चालतात, ही दोन वाक्ये मात्र पाठ हवीत, कारण ती बोलताना नजर कागदावर असता कामा नये. ती मोठ्याने म्हणून पाहावीत. ज्या वाक्यात श्वास पुरत नाही ते दोन तुकड्यांत मोडावे, आणि शेवटचा शब्द असा निवडावा की आवाज खाली उतरू शकेल. ‘वगैरे’, ‘इत्यादी’, ‘असं मला वाटतं’ यांवर संपणारे वाक्य टांगलेले राहते आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळत नाही.

नाटकाला पडदा असतो. मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पडदा पडेपर्यंत जाणता प्रेक्षक उठत नाही आणि पडल्यावर कुणी बसून राहत नाही. वक्त्याला हा पडदा आवाजानेच पाडावा लागतो. त्यासाठी शेवटच्या दोन वाक्यांआधी दोन-तीन सेकंद थांबावे, बोलण्याची गती किंचित कमी करावी, वाक्ये म्हणावीत, आणि मग मान लववून माईकपासून एक पाऊल मागे यावे. ते एक पाऊल मला फार महत्त्वाचे वाटते. माईक धरून उभा राहिलेला माणूस पुन्हा बोलू लागतो, हा अनुभव आहे.

पंधरा मिनिटांच्या भाषणात समारोपासाठी दीड मिनिट पुष्कळ झाले. त्या दीड मिनिटात नवा मुद्दा आणू नये, आकडे सांगू नयेत, आणि क्षमा तर मुळीच मागू नये. ‘वेळेअभावी बरेच सांगायचे राहिले’ हे वाक्य आपल्याकडे विनय म्हणून म्हटले जाते, पण श्रोत्याच्या पदरात त्याने पडते ते एवढेच की त्याला अर्धे ताट वाढले गेले. ‘माझे काही चुकले असल्यास माफ करा’ याचीही तीच गत. समारोपाचा इशारा एकदाच द्यावा आणि दिला की पाळावा. तो द्यायलाच हवा असेही नाही, कारण आवाज बरोबर उतरला तर लोकांना कळते.

आयोजकांची चिठ्ठी हा वेगळाच प्रसंग आहे. ‘कृपया पाच मिनिटांत आवरावे’ अशी चिठ्ठी आली की बहुतेक वक्ते बोलण्याचा वेग वाढवतात आणि उरलेले आठ मुद्दे पाच मिनिटांत कोंबतात. तसे करू नये. टिपणात समारोपाचा कागद वेगळा, शक्य तर वेगळ्या रंगाचा ठेवावा. चिठ्ठी आली की चालू वाक्य पूर्ण करून मधले सगळे कागद खाली घालावेत आणि तो रंगीत कागद वर घ्यावा. वगळलेले मुद्दे फक्त आपल्यालाच ठाऊक असतात. ‘हे मी आता गाळतो’ असे जाहीर करून लोकांना त्याची चुटपुट लावू नये.

याबाबतीत माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. बेलापूरच्या एका कार्यालयात आमच्या लेखापालांचा निरोपसमारंभ होता. रोज सकाळी टेबलावर आल्यावर ते आधी लाल पेन्सिलीने वहीत तारीख घालीत आणि मगच चहाला हात लावीत. संगणक आल्यावरही त्यांनी ती वही सोडली नाही. मी या सवयीवर बोललो, लोक हसले, ते स्वतःही हसले. मग मला शेवट सापडेना. सुचले ते हे: ‘त्यांच्याविषयी बोलावे तितके थोडेच आहे, परंतु वेळेचे भान ठेवून मी थांबतो, आणि त्यांचे उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो अशी ईश्वरचरणी प्रार्थना करतो.’ पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. ‘उर्वरित’ हा शब्द कानावर पडताच त्यांनी पदर सारखा केला आणि खाली पाहिले. अठ्ठावन्न वर्षांच्या धडधाकट माणसाच्या तोंडावर मी त्याच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला होता.

घरी आल्यावर मी तो शेवट नव्याने लिहून काढला, निव्वळ स्वतःच्या समजुतीसाठी. तो असा: ‘उद्या सकाळी या वहीत तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने पडेल. पेन्सिल आम्ही त्यांच्याच टेबलावर ठेवली आहे. ती कुणी उचलायची, हे त्यांनीच सांगून जावे.’ इतकेच. यात शुभेच्छा नाहीत, विशेषणे नाहीत; पण सुरुवातीची पेन्सिल परत आली आहे आणि बोलण्याची पाळी सत्कारमूर्तीकडे गेली आहे. निरोपाच्या भाषणाचा शेवट बहुधा असा, दुसऱ्याच्या हाती काहीतरी देऊन करावा. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर ठोस द्याव्यात: राहून गेलेली नर्मदा परिक्रमा, गावच्या घराची दुरुस्ती, येऊरच्या पायथ्याशी सकाळचे फिरणे.

मोठ्या भाषणांकडेही या नजरेने पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतील भाषण दीर्घ आहे, त्यात इतिहास आहे, इशारे आहेत. परंतु त्याची अखेर एका आवाहनाने होते. लोकशाहीच्या वाटेतले दोष ओळखण्यात आपण दिरंगाई करू नये आणि ते दूर करण्यात कमजोर पडू नये, असे सांगून ते देशसेवेचा हाच एक मार्ग असल्याचे म्हणतात, आणि याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही, अशा अर्थाच्या अगदी छोट्या वाक्यावर थांबतात. आधीचे वाक्य लांब आणि शेवटची वाक्ये आखूड, ही लय लक्षात घेण्याजोगी आहे. ती आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या भाषणालाही चालते.

कवितेच्या ओळीने शेवट करण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. ओळ पूर्ण पाठ असेल आणि विषयाशी तिचे खरोखर नाते असेल तर जरूर म्हणावी. अर्धवट आठवलेली ओळ श्रोते मनातल्या मनात पूर्ण करतात आणि आपण मागे राहतो. ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ जाहीर समारंभात शोभते, वाचनालयातल्या पुस्तक-चर्चेत कशाला हवे, हे मला उमगलेले नाही. शोकसभेत तर अधिकच सांभाळावे. तिथे शेवटी मौन असते, त्यामुळे अखेरच्या वक्त्याने मौनाकडे नेणारे साधे वाक्य बोलून बाजूला व्हावे. मौनानंतर आभार मानू नयेत आणि सूचनाही देऊ नयेत.

सभेचा खरा शेवट वक्त्याच्या हाती नसतो, तो आभार मानणाऱ्याच्या हाती असतो, आणि हे काम आपण बहुधा समितीतल्या सर्वांत लाजऱ्या सभासदाला ऐन वेळी देतो. अध्यक्षीय समारोप झालेला असतो, चहाचा वास आत आलेला असतो, आणि माईकवर उभा राहिलेला माणूस मुख्य वक्त्यांच्या भाषणाचा सारांश सांगू लागतो. आभार दोन मिनिटांत मानावेत. नावे कागदावर लिहून आणावीत, उच्चार आधी विचारून घ्यावेत, आणि शेवटून सुरुवात करावी: ध्वनिव्यवस्था पाहणारा, सभागृहाची देखभाल करणारा, सतरंज्या घालणारी मुले, आणि मग पाहुणे. यांचा उल्लेख आधी झाला की सभागृह टाळ्या मनापासून वाजवते, असे मी अनेकदा पाहिले आहे. राष्ट्रगीत असेल तर अल्पोपाहाराची सूचना त्याआधी देण्याचा मोह टाळावा. एकदा चहाचे नाव निघाले की मागच्या रांगा हलतात आणि मग 52 सेकंदांसाठी त्यांना पुन्हा जागेवर आणणे कुणालाच जमत नाही. सूचना नंतर द्यावी, किंवा देऊच नये. चहा लोकांना सापडतो.

संभाषणाचा शेवट याहून अवघड असतो, कारण तो दोघांनी मिळून करायचा असतो. अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की दोघांनाही हवे होते त्याच वेळी संपलेली संभाषणे फारच थोडी होती, सुमारे 2 टक्के. कुणाला आणखी बोलायचे असते, कुणाला केव्हाच निघायचे असते, आणि समोरच्याला काय वाटेल या भीतीने दोघेही मनातले लपवतात. घोडबंदर रस्त्यावरच्या कुठल्याही उंच इमारतीत लिफ्टचे दार पायाने अडवून चाललेले बोलणे पाहिले की याला वेगळ्या अभ्यासाची गरज नव्हती, असेही वाटते.

मराठीत यासाठी चांगली सोय आहे. ‘बरं’, ‘चला’, ‘अच्छा, मग’ हे शब्द म्हणजे निरोपाआधीची दारावरची थाप. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या शेग्लॉफ आणि सॅक्स या दोघांनी 1973 च्या लेखात इंग्रजीतल्या अशाच शब्दांविषयी दाखवले की त्यांत नवा मजकूर नसतो. ते फक्त आपली पाळी सोडून देतात, म्हणजे समोरच्याला काही उरले असेल तर तो बोलेल आणि नसेल तर तोही ‘बरं’ म्हणेल. दोन्हीकडून ‘बरं’ झाले की निरोपाची वाट मोकळी. आपली चूक अशी की आपण ‘चला’ म्हणतो आणि समोरच्याला बोलू न देता स्वतःच नवा विषय काढतो. ‘चला’ म्हटल्यावर क्षणभर गप्प बसावे, हा या संपूर्ण भागातला सर्वांत सोपा आणि सर्वांत न पाळला जाणारा उपाय आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या घरांतून खरे बोलणे उंबऱ्यावर होते. तास-दीड तास हवापाण्याच्या गप्पा होतात, आणि चपला पायात सरकवताना पाहुणा म्हणतो, ‘अहो, ते मुलीच्या स्थळाचं जरा बोलायचं होतं.’ उसने पैसे, आजारपणाचा अहवाल, भावांमधली वाटणी, सगळे जिन्याच्या कठड्याशी. डॉक्टरांनाही हे परिचित आहे: दाराच्या मुठीवर हात ठेवून रुग्ण खरी तक्रार सांगतो. म्हणून निरोपाची चाहूल थोडी आधी द्यावी. ‘मला पाच-दहा मिनिटांत निघायला हवं, त्याआधी तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?’ असे विचारावे. ‘अजून काही नाही ना?’ असे विचारू नये, कारण त्या ‘नाही ना’मध्येच उत्तर भरलेले असते आणि संकोची माणूस ‘छे छे, काही नाही’ म्हणून उठतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रश्नातला एवढाच बदल तपासला होता, आणि होकाराकडे झुकणारा प्रश्न विचारला तेव्हा रुग्णांच्या मनातल्या तक्रारी बऱ्याच अधिक बाहेर आल्या.

निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, हे आपल्याला लहानपणीच टोकून शिकवले जाते. संपणे हा शब्दच आपल्याला नको असतो: दुकान बंद करीत नाहीत, वाढवतात, बांगडीही फुटत नाही, वाढते, आणि गणपतीला पाण्यात सोडताना पुढच्या वर्षीचे आमंत्रण देतात. या सवयीत निरोपाची एक चांगली रीत आहे, ती म्हणजे पुढची भेट ठरवून उठणे. फक्त ती भेट खरी असावी. ‘या एकदा निवांत’ हे आमंत्रण नव्हे. ‘रविवारी सकाळी दहाला फोन करतो’ हे आमंत्रणाच्या जवळचे आहे, आणि केले तर पूर्णच.

कार्यालयातल्या बैठकीला हीच कसोटी लावावी. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘ठरवू मग’ या शब्दांनी बैठक संपत नाही, नुसती उठते. शेवटची तीन मिनिटे राखून कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हे ज्याने त्याने स्वतःच्या तोंडून म्हणावे. अध्यक्षाने वाचून दाखवले की लोक माना डोलावतात, स्वतः म्हटले की लक्षात ठेवतात. वादाचा शेवट करताना निर्णयाचा आग्रह सोडून निदान पुढे कोणत्या मुद्द्यापासून बोलायचे, तेवढे ठरवावे. सोसायटीच्या पार्किंगचा वाद रात्री अकरा वाजता मिटल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

राहता राहिला फोन. ‘ठेवू का?’ हा प्रश्न विचारला की ‘हो’ ऐकेपर्यंत थांबावे, आणि वडीलधाऱ्या माणसाशी बोलत असाल तर त्यांनी ठेवल्यावरच आपण ठेवावा. पनवेलला राहणारी माझी मावशी ‘ठेवते हं’ म्हणते, पण लाल बटण तिला पटकन सापडत नाही, आणि तेवढ्या वेळात ती स्वयंपाकघराकडे पाहून कुणाला तरी सांगते, ‘ठाण्याहून फोन होता, बरा आहे.’ मी तेवढे ऐकतो आणि मग ठेवतो.